चेंडू कोणी शोधला?

कोणीच बोलत नव्हते. चौघांची पावले वाळक्या गवतात सरसरत होती, काठ्या झुडपे बाजूला सारत होत्या, आणि त्या सगळ्या आवाजांच्या मधोमध एक शांतता ताठ उभी होती. कामिनी ही शांतता चांगली ओळखत होती. हरवलेला चेंडू शोधताना माणसे अशीच गप्प होतात. माना जमिनीकडे वाकलेल्या असतात आणि डोळे एकमेकांच्या हातांवर असतात.

शांतता मोडली ती खुशालने. प्रतिस्पर्धी रीनाची गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारा हा पन्नाशीचा माणूस गप्प राहिला की त्याचे पोट दुखत असावे.

"मोहफूल वेचाले आलो असतो त आतापरेंत टोपली भरली असती," तो म्हणाला. कोणी हसले नाही.

"दीड मिनिट झालं," रीना म्हणाली. तिने मनगट वळवून घड्याळ पाहिले आणि पुन्हा वाकली. कामिनीने त्या मनगटाकडे पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर काहीच नव्हते, आणि तेच कामिनीला खटकले.

मँगनीजच्या खाणीवरच्या साहेबांनी कधीकाळी मोहाडीच्या पुढे हे नऊ होलचे गोल्फ मैदान आखले होते. साहेब गेले, मैदान राहिले. एका अंगाला बोडी, म्हणजे लहानसे तळे. दुसऱ्या अंगाला धान कापून मोकळी झालेली खाचरे, इकडच्या बोलीत बांध्या. इथे हिरवळ नव्हती; होलभोवती तेल मुरवलेली वाळू पसरलेली, काळपट आणि सपाट, जिला सगळे 'ब्राउन' म्हणत. नऊ होल दोनदा खेळले की अठरा होत. आज महिलांच्या राज्य स्पर्धेसाठी निवड होती: आठ जणी, त्यांतल्या दोघी पुढे जाणार. सहा जणींची कार्डे जमा झाली होती आणि त्यांतली एकच कामिनीच्या पुढे होती. उरलेल्या दुसऱ्या जागेसाठी कामिनी आणि रीना, आणि दोघींमध्ये एका फटक्याचे अंतर. कामिनी पुढे, रीना मागे. हे सोळावे होल होते.

चौदा वर्षांनी कामिनी कार्ड घेऊन मैदानात उतरली होती.

सकाळी चंद्रकुमार, म्हणजे स्पर्धेचे चिटणीस, म्हणाले होते, "चिठ्ठ्या टाकल्या, कामिनीताई. तुमचं कार्ड रीनाताई लिहिणार, त्यांचं तुम्ही." गोल्फमध्ये पंच शेजारी उभा नसतो. तुमचे फटके तुमची प्रतिस्पर्धी लिहिते, शेवटी तिची सही होते, तुमची होते, आणि सगळा खेळ त्या दोन सह्यांच्या भरवशावर उभा राहतो. आठ नावांतून नेमके रीनाचेच नाव निघावे? कामिनीला त्या चिठ्ठीचा संशय आला. रीनाने पुढे केलेल्या चहाच्या कपाचा आला. "बरं झालं आलीस, मी वाट पाहून राहिली होती," या तिच्या वाक्याचा तर सर्वांत जास्त आला. चौदा वर्षे कोणी कोणाची वाट पाहत नाही. पाहतो तो डाव साधण्यासाठी, असे तिला पहिल्या होलपासून वाटत होते. रीना तिच्या फटक्याला "छान" म्हणाली, की ती त्या शब्दाला उलटून पालटून पाही. बाजारातली कापडाची घडी पाहावी तशी, आतून विरलेली तर नाही ना.

कारण चौदा वर्षांपूर्वी, याच मैदानावर, विदर्भाच्या अंतिम फेरीत, कामिनीचा चेंडू बोडीकाठच्या लव्हाळ्यात गेला होता आणि सापडला होता. ती एका फटक्याने जिंकली. मग तेव्हाही तिचे कार्ड लिहिणाऱ्या रीनाने सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाची कुजबुज झाली, कुजबुजीची चौकशी झाली. चौकशीत काही निघाले नाही. चषक कामिनीकडेच राहिला. पण त्यानंतर तिचे कार्ड लिहायला कोणी राजी होईना. एकीचे डोके दुखे, एकीच्या घरी पाहुणे येत. सहा महिन्यांत कामिनीने काठ्या गुंडाळल्या, मोहाडीच्या शाळेत नोकरी धरली, लग्न केले. वर्गातल्या मुली भांडून तिच्याकडे आल्या की ती दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेई. स्वतःची बाजू मात्र तिने कधी कोणाला ऐकवली नाही. आपण निर्दोष आहोत ही एकच गोष्ट तिने जपली होती. त्या गोष्टीच्या पायावर ती घर बांधून राहिली होती. आजचे येणे राज्य स्पर्धेसाठी होतेच, पण त्याहून ते या घराचे दार सगळ्यांदेखत उघडण्यासाठी होते.

"दोन मिनिटं," रीना म्हणाली.

"पाह्य नं बाई, थ्या तिकडच्या झाडाच्या बुडाशी," वरच्या बाजूने बाबांचा आवाज आला. तिचे वडील गोपीचंद आज तिचे कॅडी होते, चौदा वर्षांपूर्वीही तेच होते. वय सत्तरीला टेकलेले, पाठ किंचित पुढे झुकलेली. पण पिशवी खांद्यावर आली की पाय तरुण होत. सगळे आयुष्य त्यांनी या मैदानावर साहेबांच्या पिशव्या वाहिल्या. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा साहेबांच्या टाकलेल्या काठीचा दांडा कापून त्यांनी मुलीच्या उंचीचा केला आणि तिला उभे राहायला शिकवले. गावातले लोक हसले. "गोपीचंदाची पोरगी खडे मारून राहिली," म्हणाले. बाबा म्हणाले, "मारू द्या. खडे आपल्या बापाचे आहेत."

टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू उजवीकडे वळला होता खरा, पण कामिनीला तो झाडांच्या अलीकडे टप्पा घेताना दिसला होता. म्हणून तिने खबरदारीचा दुसरा चेंडू मारून ठेवला नाही. आता तो तीन मिनिटांत मिळाला नाही, तर एक फटका दंड घेऊन पुन्हा टीवर जायचे, म्हणजे दुसरी जागा हातची गेली.

ती बाबांनी दाखवलेल्या झाडाकडे वळली. पाठ फिरली. दहा पावले झाली असतील.

"हा पाह्य! हा काय! सापडला!"

बाबा वर, ज्या जागेवरून त्यांनी तिला खाली पाठवले होते त्याच जागी उभे होते. काठीचे टोक जमिनीवर, चेहरा उजळलेला. ती जागा खुशाल एकदा तुडवून गेला होता. कामिनी स्वतः तिथे उभी राहिली होती. पण गवत आहे, पानगळ आहे, एका पानाखाली चेंडू सहज लपतो, असे तिने मनाला समजावले आणि चढ चढून गेली.

"बघून घे आधी, तुझाच आहे ना," रीना मागून येत म्हणाली.

कामिनी गुडघ्यावर बसली. चेंडूवर तीन निळे ठिपके होते. काल संध्याकाळी बाबांनी ओसरीवर बसून डब्यातल्या सगळ्या चेंडूंना एकेक करून ते लावले होते. ठिपके तिचेच. तिने तो दोन बोटांनी थोडा फिरवला. खालच्या बाजूला, चेंडूच्या बारीक खळग्यांमध्ये, काळा गाळ वाळून बसला होता.

तिने जमिनीकडे पाहिले. मोहाखालची जमीन मुरमाड होती, तांबूस पिवळी. नखाने खरवडली तर भुगा निघावा इतकी कोरडी. काळा गाळ या उतारावर कुठेच नव्हता. तो होता बोडीच्या काठावर. मागच्या होलवर तिचा चेंडू तिथेच रुतला होता, तिने तो खेळून काढला होता, आणि होल संपल्यावर तो बाबांच्या हाती देऊन डब्यातला कोरा चेंडू घेतला होता. बाबांनी जुना चेंडू धोतराच्या सोग्याला पुसून बंडीच्या खिशात टाकला होता.

नागपूरच्या हिरवळीवर वाढलेल्या रीनाला चिखल म्हणजे चिखल. पण कामिनी बांध्यांमध्ये चालायला शिकली होती. कुठला गाळ कुठला आणि मुरूम कुठला, हे तिच्या बोटांना विचारावे लागत नव्हते.

तिच्या कानात बाबांचे एक जुने वाक्य उभे राहिले. शेजारीपाजारी बसले की ते अभिमानाने सांगत: "चाळीस वर्षांत माह्या साहेबाचा एक बॉल हरवला नाही." लहानपणी ती ते ऐकून फुशारत असे. त्या काळी कॅडी साहेबाच्या खुणेचा एक जादा चेंडू खिशात बाळगत. साहेबाचा चेंडू हरवू द्यायचा नाही ही चाकरीची रीत होती, आणि साहेबही कधी विचारत नसत. चाळीस वर्षांत एकही नाही. एवढ्या झाडीत, एवढ्या लव्हाळ्यात. हे वाक्य आपण इतकी वर्षे ऐकले तरी कसे, याचे तिला नवल वाटले.

"काय झालं?" रीनाने विचारले. "दोन मिनिटं पंचेचाळीस. वेळेत आहेस तू. खेळ."

कामिनीने वर पाहिले. सकाळपासून जिच्यात ती कपट शोधत होती, तिच्या डोळ्यांत कपट नव्हते. चेंडू सापडल्याने रीनाचीच जागा जाणार होती आणि तीच खेळ म्हणत होती. आणि बाबांच्या डोळ्यांत? त्यांच्याकडे पाहण्याचे तिला धाडस होईना.

खरे बोलावे, तर सत्तरीच्या म्हाताऱ्याला खुशालसमोर, उद्या सगळ्या मोहाडीसमोर उभे करावे लागणार होते. खेळावे, तर जे चौदा वर्षे तिच्याबद्दल बोलले गेले ते आजपासून खरे होणार होते.

ती उठली. गुडघ्यावरची धूळ झटकली.

"तीन मिनिटं होऊन गेली," ती म्हणाली. "चेंडू हरवला."

"अगं, नाही. हे बघ, माझ्या घड्याळात अजून..."

"तुझं घड्याळ मागं आहे, रीना."

"तीन?" बाबा दोन पावले पुढे आले. "तीन कुठून आनली? पाच मिनिटं असते! पाच! काहून आपल्या हातानं घालवून राहिली वो माय?"

"पाच पूर्वी होती, बाबा. नियम बदलला."

"बदलला त बदलला! ह्या बाई सोता म्हणून राहिल्या का टाइम आहे!"

"मी तं पहिल्यांदाच पाहून राहिलो," खुशाल काठीवर रेलत म्हणाला. "ज्याचा बॉल त्याचीच तक्रार. असं असते त ताई, आमच्या बाईचाही एखादा हरवून टाका."

रीना हसली नाही. तिने खाली चेंडूकडे पाहिले, मग कामिनीकडे. बराच वेळ, सही करण्यापूर्वी कार्डावरचा एकेक आकडा पाहावा तसे. मग तिने मनगटावरची बाही हळूच खाली ओढली.

"हो," ती म्हणाली. "मागंच असेल माझं. तीन झाली."

कामिनी टीकडे परत चालू लागली. अडीचशे पावले. मागून बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीचा खुळखुळाट येत होता. टीवर त्यांनी डबा उघडून कोरा चेंडू तिच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटे थंड होती. तिने मारला, सरळ गेला, इतका सरळ की तिला त्याचाच राग आला. ते होल तिने सहा फटक्यांत संपवले, रीनाने चारात. उरलेल्या दोन होलांवर दोघी बरोबरीत राहिल्या. एका फटक्याने दुसरी जागा रीनाची झाली.

मांडवात चंद्रकुमार कार्डे तपासत होते. "कामिनीताई, तिसऱ्या. म्हणजे राखीव. कोणी आजारी पडलं तर..." ते मनापासून हळहळले. "चौदा वर्षांनी येऊन हे म्हणजे कमालच. सोळाव्यावर सहा? तिथं काय झालं?"

"चेंडू हरवला," रीनाने कामिनीआधी सांगितले आणि सही केली. तिने पेन पुढे केले, पण लगेच सोडले नाही.

"तेव्हा मी तक्रार केली नव्हती, कामिनी. तुला तसं वाटतं, मला माहीत आहे. मी फक्त विचारलं होतं, चेंडू कोणी शोधला. बाकी लोकांनी वाढवलं."

कामिनीला आठवले. लव्हाळे, वारा, भिजलेले बूट, आणि स्वतःचा ताठ आवाज: बाबांनी, मग? त्या 'मग'मध्ये तिने चौदा वर्षे ओतली होती. तिने सही केली. मग पेन रीनाच्या हातात परत ठेवले आणि क्षणभर तो हात धरला.

मैदानाच्या कडेला नळ होता. बाबा तिथे उकिडवे बसून काठ्यांची पाती धूत होते. पाते स्वच्छ झाले होते तरी धूतच होते.

"डब्यात भात आहे. वांग्याची भाजी आहे," ते मान वर न करता म्हणाले. "जेवून घे. मंग निघू."

"तुम्ही जेवलात?"

"मले भूक नाही." त्यांनी पाते उलटून पुन्हा नळाखाली धरले. "एका फटक्यानं गेली. एका. तीन मिनिटं म्हणे. साहेब लोक आपला बॉल हरवला असं सोता कधीच म्हणत नसत."

"मी साहेब नाही, बाबा."

नळाचे पाणी सिमेंटवर पडत राहिले. तिकडे बांधीत एक बाई धानाच्या रचलेल्या पुंजण्यावरून पेंढ्या खाली टाकत होती. कामिनी त्यांच्यासमोर बसली. एवढ्या वर्षांत असे कधी झाले नव्हते, की बाबांच्या चेहऱ्याऐवजी तिला त्यांचे हात पाहावेसे वाटावे. आखूड बोटे, नखांत तेलाची काळी रेघ. या हातांनी तिला काठी धरायला शिकवले होते. मायाही यांचीच होती आणि फसवणूकही यांचीच. आणि दोन्हींची सरमिसळ अशी, की निवडू जावे तर दोन्ही हातची जावीत.

आज विचारले नाही, तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, हे तिला कळत होते. विचारले, तर ज्या घरात ती चौदा वर्षे राहिली, त्याचे काय होईल, हेही.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "त्या वर्षी बोडीकाठी तुम्हाला जो चेंडू सापडला होता... तो मी मारलेलाच होता का?"

बाबांचा हात पात्यावर थांबला. त्यांनी नळ बंद केला. काठ्या एकेक करून पिशवीत घातल्या, प्रत्येक तिच्या जागी. पिशवी त्यांनी तिच्याजवळ, भिंतीला टेकवून उभी केली. खांद्यावर घेतली नाही. गुडघ्यावर हात देऊन ते उठले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि क्षणभर तिला वाटले की ओठ हलले.

मग ते वळले आणि बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, रिकाम्या खांद्याने, गावाकडे चालू लागले.