खिडकीतून आलेली फळी

गल्लीत तिला सगळे मिलीमीटरबाई म्हणत. कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती, आणि कुणी हाताने ‘साधारण एवढं’ असं दाखवलं की तिच्या कपाळाला आठी पडे. “साधारण म्हणजे किती?” असं ती भाजीवाल्यालाही विचारी. निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या बाया दुपारच्या झोपेला लागल्या. ही सुतारकामाला लागली. घरामागच्या खोलीत एकेक करत विजेच्या पाच करवती जमल्या. दोन लहान, हातात धरून चालवायच्या. त्या भिंतीवर टांगलेल्या असत. तीन मोठ्या, पाय रोवून उभ्या. घराला तिच्या भुशाची सवय झाली होती. चहात एखादा कण तरंगताना दिसला तर नवरा तो बोटाने बाजूला करी आणि म्हणे, “आज साग दिसतोय.”

मग सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जिना त्यांना बंद झाला. खाली होता बैठकीतला सोफा. तो इतका खोल की एकदा त्यात बसलेल्या माणसाला बाहेर काढायला दोघं लागत. सासूबाई दोन्ही हात वर करत आणि म्हणत, “हं, काढा आता विहिरीतनं.” विनोद त्या स्वतःच करायच्या, पण ओढून उभं करताना त्यांचे डोळे भिंतीकडे वळलेले असत. ते सुनेच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मागची खोली आईंना द्यायची, हे तिनेच सांगितलं. त्यावरून घरात वाद झाला नाही. वाद झाला तो त्यानंतर.

नणंद एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ती आली की घरातले सगळे आपोआप ताठ बसत. आल्या आल्या तिने पर्स टेबलावर ठेवली आणि विषयाला हात घातला.

“सोमवारी गवंडी येतोय. उंबरा काढेल, न्हाणीघरात धरायला दांडे बसवेल. त्याच्या आत खोली रिकामी हवी. वहिनी, त्या करवतींचं काय?”

“बाजूच्या सायकलींच्या खोलीत नेते.”

“त्या बोळकंडीत? तिथे एक स्टूल झालं तरी मिळवली!”

“मला पलंग हवाय,” सोफ्याच्या तळातून सासूबाई म्हणाल्या.

“आणूया ना आई, दुकानातून.”

“दुकानातले पलंग ठेंगू. बसलो की पडलो तेच कळत नाही. मला हिच्या हातचा हवा, माझ्या मापाचा. माझी मी उठेन असा.”

नणंदेने मोठा सुस्कारा सोडला. “ठीक आहे. वहिनी, त्या खोलीत आईचा पलंग करून दाखवा, मी परत शब्द काढणार नाही. पण नाही जमलं तर सगळी यंत्रं मिस्त्रींना देऊन टाकायची. वयं झालीत आता आपली.”

“चालेल, वन्सं,” ती म्हणून गेली, आणि मग स्वतःच दचकली. मोजल्याशिवाय ती कधी कशाला हो म्हणत नसे.

मिस्त्री म्हणजे गल्लीच्या टोकाचा सुतार. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तो येऊन सायकलींची खोली बघून गेला. “रविवारी गाडी आणतो. बसेल ते ठेवा, उरेल ते मी नेतो,” तो म्हणाला, आणि जाता जाता त्याने टेबल सॉच्या पत्र्यावरून असा हात फिरवला, जसा कुणी दुसऱ्याच्या गाईवरून फिरवावा. “ही तर काही मावत नाही बाई तुमच्या त्या खोलीत. हत्ती आहे हत्ती.”

हे तिलाही पटलं होतं, हीच तर पंचाईत होती. टेबल सॉ म्हणजे लोखंडी टेबल आणि त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं. फळी त्यावरून पुढे ढकलत न्यायची, की ती उभी चिरत जाते. पलंगाच्या दोन लांब बाजू तिच्यावरच निघणार होत्या. हातातल्या करवतीनेही लांब फळी चिरता येते, पण कड कुठेतरी केसभर तरी वाकडी जाते, आणि केसभर म्हणजे किती, हे तिला माहीत होतं. दुसरी बँड सॉ. उंच, सडपातळ, दोन चाकांवरून फिरणारं पट्टीसारखं पातं; वळणदार कापायला हिच्यासारखी नाही. तिसरी मायटर सॉ. दांडा खाली ओढला की पातं उतरतं आणि फळीचा आडवा तुकडा पडतो. ही शिवणयंत्राएवढी. तेव्हा मायटर सॉ राहणार यात कुणालाच शंका नव्हती, आणि टेबल सॉ जाणार यातही.

शनिवारी सकाळी तिने सायकलींची खोली झाडून घेतली. अकरा फूट लांब, सात फूट रुंद. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला परसाकडे उघडणारी एक झडपेची खिडकी, वर्षानुवर्षं बंद. तिने खडूने जमिनीवर तिन्ही यंत्रांच्या आकृत्या काढल्या. खरं तर तिन्ही बसत होत्या! वर एक खुर्ची ठेवायला जागा उरत होती. ती दोन पावलं मागे सरून बघत राहिली. काहीतरी चुकत होतं. इतकं सोपं उत्तर प्रयोगशाळेत आलं की ती विद्यार्थ्याला पुन्हा मांडणी करायला लावी.

“अहो,” तिने हाक मारली, “ती सात फुटी फळी घेऊन या बघू.”

नवरा जन्मभर बस चालवत आला होता. फळी खांद्यावर घेऊन तो दारातून आत शिरला. “कुठे लावू गाडी?”

“मायटर सॉच्या आकृतीवर धरा. आडवी. आता ती कापताय असं समजा.”

त्याने फळी आडवी केली. एक टोक या भिंतीला थडकलं, दुसरं त्या. मधे तो, चौकात आडव्या अडकलेल्या बससारखा.

“आता ती भिंतीला लावून लांबीत धरा.”

तसं केल्यावर अख्खी भिंतच फळीची झाली. शिवणयंत्राएवढ्या यंत्राला डावीकडे एक फळी आणि उजवीकडे एक फळी हवी होती. सगळ्यांत लहान ते सगळ्यांत जास्त जागा खात होतं, आणि इतकी वर्षं मोठ्या खोलीत ते कधी जाणवलंच नव्हतं. तिने आकृत्या पायाने पुसल्या. यंत्र किती जागेत उभं राहतं हे तिने मोजलं होतं. लाकूड किती जागेतून जातं हे नाही. आणि कापायचं तर लाकूडच असतं.

पण मग टेबल सॉचं गणित आणखीच वाईट. पात्याच्या अलीकडे सात फूट, पलीकडे सात फूट. खोली अकराची. बँड सॉलाही लांब फळीला तेच. म्हणजे कुठलंच बसत नव्हतं. ती उलट्या डब्यावर बसली. सासूबाईंचे भिंतीकडे वळलेले डोळे तिच्या नजरेसमोर आले.

“उकडतंय इथे,” नवरा म्हणाला. फळी काखेत धरूनच त्याने खिडकीची झडप एका धक्क्याने उघडली आणि परत जायला वळला. फळीचं मागचं टोक खिडकीतून थेट बाहेर गेलं.

“अरे, डोकं फोडतोस की काय माझं!” परसातून आवाज आला. सासूबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“आई, चुकून! काढतो, काढतो—”

“काढू नका!” ती ओरडली. तीस वर्षांत ती नवऱ्यावर इतक्या मोठ्याने ओरडली नव्हती. “तसेच उभे राहा. हलू नका अजिबात.”

नवरा दगडासारखा उभा राहिला. तिने फळीवरून नजर फिरवली. फळीचं एक टोक खोलीत, दुसरं परसात. मागे दार सताड उघडं, दारापलीकडे फाटकापर्यंतची मोकळी वाट. दारातून आत, खिडकीतून बाहेर. खोली अकरा फुटांची होती, पण फळीला फाटकापासून परसापर्यंत रस्ता होता!

“हलू का आता?” नवऱ्याने विचारलं. “हात भरून आले.”

“हला, हला. टेप द्या आधी.”

खिडकीचा कट्टा टेबल सॉच्या पत्र्यापेक्षा अडीच इंच उंच निघाला. म्हणजे फळी कट्ट्यावर आपटणार. तिने क्षणभर विचार केला आणि तिला हसूच आलं. ती उंच होती. इतकी वर्षं या यंत्रावर कमरेत वाकून काम करत आली होती, आणि संध्याकाळी पाठ धरून बसत होती. यंत्र तीन इंच उचललं की फळी कट्ट्यावरून अलगद जाणार होती आणि पाठही सुटणार होती. जाड ओंडक्यांची बैठक करून तिने यंत्र त्या बैठकीला चार बाजूंनी घट्ट आवळलं. खिडकी भिंतीच्या मधोमध नव्हती, उजव्या अंगाला होती. त्यामुळे टेबल सॉ उजवीकडे सरकली आणि डाव्या कोपऱ्यात बँड सॉला बरोबर हवी तेवढी जागा उरली. तिने दोनदा मोजली. मग तिसऱ्यांदा, केवळ आनंदाने.

रविवारी मिस्त्री गाडी घेऊन आला. नणंदही आली. खोलीच्या दारात उभी राहून तिने आत पाहिलं.

“वहिनी, हत्ती आत! आणि लहान यंत्र बाहेर! उलटं झालं का काही?”

“सुलटं झालंय, वन्सं. मिस्त्री, मायटर सॉ तुमची. आडवे तुकडे मी हातातल्या करवतीने परसात पाडीन.”

मिस्त्रीने मान हलवली. “बाई, यंत्र आत गेलं, पण फळी कुठे जाणार? भिंतीत?”

“तुम्ही परसात जाऊन उभे राहा.”

परसात व्यवस्था लागली होती. खिडकीसमोर दोन खांबांमध्ये गोल फिरणारी एक आडवी नळी, म्हणजे फळीला टेकू. त्याच्यामागे नवरा, फळी झेलायला. फळीत पातं चिमटलं तर ती उलटी उसळते, पण ती ढकलणाऱ्याच्या बाजूला. तरीही सासूबाईंची खुर्ची तिने खिडकीच्या रेषेतून चांगली लांब, बाजूला ठेवली होती. सासूबाईंनी हात वर केला की यंत्र बंद करायचं, असं ठरलं होतं. नेमणूक झाल्यापासून त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

तिने चष्मा लावला, कान झाकले आणि फळीच्या रेषेतून एक पाऊल बाजूला उभी राहिली. बटण दाबलं. पातं घोंगावलं. फळी दारातून आत आली, पात्याला भिडली, आणि लाकडाचा तो गोडसर वास खोलीत पसरला. ती ढकलत गेली, घाई नाही, थांबणं नाही. शेवटचा भाग हाताने नव्हे, तर ढकलायच्या काठीने. फळीचं टोक कट्ट्यावरून बाहेर सरकलं.

“आली!” परसात सासूबाई गरजल्या. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे! डावीकडे नको रे, सरळ धर! येऊ दे!”

“आई, मी जन्मभर बस चालवलीय—”

“फळी धर! गप्पा नंतर!”

नणंदेने तोंडावर हात धरला. मुख्याध्यापिका खुदुखुदु हसत होती. फळीचे दोन भाग नवऱ्याच्या हातात आले तेव्हा मिलीमीटरबाईने यंत्र बंद केलं आणि परसात गेली. मिस्त्रीने एक भाग उचलला, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली, बोट फिरवलं, मग दुसरा भाग त्याला लावून उजेडाकडे धरला. फटीतून उजेड दिसला नाही.

“सुतासारखी सरळ,” तो म्हणाला. मग खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. “माझ्या दुकानातही मागे खिडकी आहे बाई. दहा वर्षं मी तिच्यापुढे डबे रचून ठेवलेत.” मायटर सॉ त्याने खुशीत गाडीत चढवली, आणि घरी जाऊन डबे हलवायचे म्हणून चहालाही थांबला नाही.

पलंगाचं माप तिने सासूबाईंना बाकावर ताठ बसवून घेतलं, टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, आणि त्यात थोडं वाढवलं; बसल्यावर गुडघा जितका कमी वाकेल, तितका उठताना कमी जोर. “उशाला सरळ फळी नको,” सासूबाईंनी बजावलं. “वळण दे. म्हातारी असले तरी कैदी नाही.” ते वळण बँड सॉने एका दमात काढलं. जोड बसवले, घासलं, तेल लावलं. कडेला हाताची पकड येईल अशी गोलाई ठेवली.

पलंग नव्या खोलीत मांडला त्या संध्याकाळी सगळे जमले. सासूबाई काठावर बसल्या. पाय जमिनीला सपाट टेकले. नवरा सवयीने एका बाजूने हात द्यायला पुढे झाला, नणंद दुसऱ्या बाजूने.

“व्हा बाजूला दोघं,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी तळवे त्या गोल कडेवर ठेवले, जरा पुढे झुकल्या, आणि उभ्या राहिल्या. सरळ. कुणाचा हात न धरता. या खेपेला डोळे भिंतीकडे नव्हते. एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा उठून त्यांनी मुलीला विचारलं, “मोजतेस ना?”

डोळे पुसत नणंद वहिनीजवळ आली आणि हळूच म्हणाली, “वहिनी, आमच्याकडचा पलंगही ठेंगूच आहे हो.”

“मापाला यावं लागेल, वन्सं.”

“साधारण तुमच्याएवढीच तर—” नणंद म्हणाली, आणि मिलीमीटरबाईच्या कपाळावरची आठी बघून थांबली.

“रविवारी ये,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. “पण सकाळी लवकर. खिडकीवर मी बसते, मला वेळेवर माणसं लागतात.”