वारज्याचा स्वस्त चष्मा

मित्रांनो, वय विचाराल तर मी जेमतेम दोन वर्षांचा आहे. पण आमच्या जातीत दोन वर्षांतच म्हातारपण येते, म्हणून मला खुशाल जुना म्हणा. मी खेळायचा व्हीआर चष्मा. माझ्या तोंडात मोबाइल अडकवायचा, मला डोळ्यांवर बांधायचे, की खुर्चीत बसल्या बसल्या माणूस कात्रजच्या घाटात मोटारसायकल पळवू लागतो.

माझा जन्म वारज्यात झाला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या गाळ्यात. अपेक्षाने मला घडवले. ती मूळची अकोल्याची. चांगली नोकरी सोडून ती या नादाला लागली. परदेशी चष्मे काय फक्त मोठ्या सोसायट्यांतल्या मुलांनीच घालायचे? रिक्षावाल्याच्या मुलीलाही असा खेळ परवडला पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून माझे सगळे भाग स्वस्तातले. पट्टा तर शाळेच्या दप्तराचा आहे! त्याचे मला काही वाटत नाही. पण डोके किती वळले हे ओळखणारा माझा भाग मठ्ठ निघाला. मान आधी वळते आणि चित्र क्षणभर मागून वळते. एवढाच माझा दोष, पण त्याने माणसाच्या पोटात ढवळून येते.

अपेक्षाला हे कधी कळलेच नाही. दिवसभर मला घालून तिच्या डोळ्यांना सवय झाली होती. खेळून पाहायला आलेले शेजारी मात्र चष्मा काढून भिंत धरायचे. आता अपेक्षाची आई दुर्गाबाई, त्या आल्यागेल्याला पोहे खाऊ घातल्याशिवाय सोडत नसत. झाले! सारे खापर पोह्यांवर फुटले. आधी तेल कमी झाले, मग शेंगदाणे गेले, मग पोह्यांऐवजी उपमा आला. दुर्गाबाईंना स्वतःला मळमळले, तेव्हा अपेक्षा म्हणाली, "आई, तुझं जुनं पित्त आहे ते." आणि तिने आईच्या हातावर आमसूल ठेवले. सहा महिने माझ्या दोषावर आमसुलांचा इलाज चालला होता. मी आतल्या आत ओरडत होतो, पण यंत्राचे ऐकतो कोण?

हळूहळू पैसे संपले. भागीदार दिग्विजय नोकरी धरून निघून गेला. शहरात खेळण्यांची चार दुकाने असलेले हिंमतराव तेवढे उरले होते. त्यांनी मागणी दिली तर गाळा राहणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप. ते आले, पोटभर उपमा खाल्ला, मला डोळ्यांवर चढवले. तिसऱ्या वळणावर त्यांनी मला ओरबाडून काढले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," रुमालाने तोंड पुसत ते म्हणाले, "घाटात गाडी लागते ती आम्हाला फुकट लागते. त्यासाठी तुमचा चष्मा कशाला विकत घ्यायचा?"

"काका, नाश्त्यामुळे कदाचित..."

"नाश्ता उत्तम होता. तोच विका. चष्मा आठ दिवसांत सुधारला, तर दुकानात घेऊन या. त्यानंतर तसदी घेऊ नका."

ते गेले आणि अपेक्षा ढसाढसा रडली. "मला तर काहीच होत नाही गं, आई!"

"डायवरले कधी गाडी लागते का, माय?" दुर्गाबाई म्हणाल्या. "तू तं डायवर हायस. मांगं बसनाऱ्याले इचार."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आठ दिवस ती धड जेवली नाही. तिने मोटारसायकलचा वेग कमी केला, घाटाची वळणे सौम्य केली. फरक पडला, पण थोडाच. खरा उशीर माझ्या त्या मठ्ठ भागात आहे. तो बदलला तर मी स्वस्त राहत नाही, आणि स्वस्त नसलेला मी तिला नको होतो.

आज सकाळी तिने मला आईच्या डोळ्यांवर बांधले. "आई, अगदी खरं सांग हं. तू बरं म्हणालीस तरच मी जाईन."

मला बांधण्याआधी दुर्गाबाईंनी लेकीच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे एकदा पाहिले होते. खेळ सुरू झाला. दुसऱ्याच वळणावर त्यांच्या कपाळाला घाम फुटला. आणि मग जगात फक्त मलाच दिसू शकेल अशी गोष्ट त्यांनी केली. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. अख्खा घाट त्या मिटल्या डोळ्यांनी मान ताठ ठेवून बसून राहिल्या. एक हात पदराच्या गाठीतले आमसूल चाचपत होता.

"कसं वाटतंय?"

"मस्त वाटते. काईच होत नाई, माय."

किती महिन्यांनी अपेक्षा हसली! तिने आईला मिठी मारली, मला पिशवीत घातले आणि स्कूटर काढली. आता आम्ही हिंमतरावांच्या दुकानाकडे निघालो आहोत. ती वाटेत गुणगुणते आहे. मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसूनबिसून नीट ठेवा, असे माझ्यासारखे सगळेच शेवटी सांगतात. मी उलटे सांगतो. मला पुसू नका. कपाळाला टेकणारा माझा स्पंज दुर्गाबाईंच्या घामाने अजून ओला आहे. दुकान यायच्या आत कुणीतरी त्या पोरीला थांबवा, आणि एकदाच तो बोटाने दाबून पाहायला सांगा.