मास फर्डींचं झाड

थोरली नात पर्लीन हिचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. माँटेगो बेहून लग्न आटोपून मास फर्डी आणि त्यांची बायको मिस युलाली (गावात आदराने मास, मिस म्हणतात) दोन दिवसांनी घरी आले, तर अंगण बोडकं पडलेलं. रस्त्याच्या बाजूचा नीरफणस बुंध्यापासून कापून नेला होता. फाटकाला एक कागद अडकवला होता.

हातातला केकचा पुडा न ठेवताच मास फर्डी बुंध्याजवळ गेले. ब्याऐंशी वर्षांपूर्वी त्यांच्या आईने त्यांची नाळ तिथे पुरली होती आणि वर नीरफणसाचं रोप लावलं होतं. त्या गावात प्रत्येक मुलाचं असं एक झाड असतं, आणि माणूस गेला की त्यालाही घरच्या अंगणातच पुरतात. मास फर्डींनी जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात ऊस तोडला. स्वतःचं म्हणावं असं हेच.

"काय लिहिलंय त्यात?"

मिस युलालीने चष्मा लावला. "या जागेतलं एक झाड गेलंय म्हणे. मालकाने साठ दिवसांत दुसरं लावावं, नाहीतर खटला."

"नेलं कोणी, ते?"

"ते नाही लिहिलं."

सोमवारी ते कचेरीत गेले. टेबलामागे मिस ब्रिसेट होती, गावातलीच मुलगी.

"रस्तावाल्यांनी तोडलं, मास फर्डी. आम्ही झाडांचं खातं. कोणी तोडलं हे नियमात येत नाही. गेलं की लावायचं."

"तुझ्या घरी चोरी झाली, तर नवा रेडिओ आण म्हणून तुलाच नोटीस देतात काय, पोरी?"

तिने खाली बघत यादी पुढे सरकवली. "यातलं लावा. शोभेचा पाम, कण्हेर. नीरफणस चालत नाही, फळं गाड्यांवर पडतात."

"तुझा बाप माझ्या झाडाची फळं भाजून खात मोठा झाला. त्याच्या डोक्यात एकही पडलं नाही."

"यादी मी नाही केली."

"केली त्याला सांग, पाम भाजून खा."

त्यांच्याकडच्या नीरफणसाला बी नसतं. मुळावर घाव घातला की तिथून कोंब फुटतो. मास फर्डींनी घरी येऊन माती उकरली, उसाच्या कोयत्याने मूळ सोललं, परत माती लोटली आणि रोज पाणी घातलं. साठाव्या दिवशी तपासनीस आला, तेव्हा वीतभर कोंब वर आला होता.

"हे लावलेलं नाही, उगवलंय," तपासनीस म्हणाला. "आणि जुनं मूळ काढावं लागेल. गटाराला धोका आहे."

मास फर्डी बुंध्यावर बसले. कोयता मांडीवर आडवा. "काढ."

तपासनिसाने वहीत 'लागवड नाही' असं लिहिलं आणि तो निघून गेला.

"या वयात कोर्टात खेचतील तुला," मिस युलाली म्हणाली.

"खेचू दे. तिथे तरी कोणी विचारेल, तोडलं कोणी."

तारीख अठरा मार्चची निघाली. त्या दिवशी मिस युलाली काळी टोपी घालून एकटीच गेली. 'फर्डिनंड गेल' असं नाव पुकारलं, तेव्हा तीच उभी राहिली.

"आरोपी कुठे आहे?"

"अंगणात. कोंबाशेजारी."

कारकुनाने कागदावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. झाड कोणी तोडलं, ते तिथेही कोणी विचारलं नाही.

मास फर्डी अकरा मार्चला, मंगळवारी दुपारी वारले होते.