सासऱ्याची कानस

घोडी लंगडत तबेल्यात शिरली तसा सासऱ्याचा चेहरा खुलला. "घाला अजून बूट," तो म्हणाला.

सुनेने घोडी खुंट्याला बांधली. तोंड उघडलं असतं तर नको ते बोलून बसली असती. जन्मभर नालबंदी केलेला हा माणूस नालांऐवजी खुरांवर चढवायचे हे रबरी बूट आल्या दिवसापासून सुनेवर दात धरून होता. त्याच्याच खिळ्यांनी घोडीचे पुढचे खूर चिरले होते; शेवटचा नाल तर खुराचा तुकडा घेऊनच निखळला. तेव्हा सुनेने नाल बंद करून बूट आणले आणि म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं, या पायांना मी पुन्हा हात लावणार नाही. नवऱ्याने दोघांच्या भांडणात पुन्हा पडायचं नाही असा कानाला खडा लावला होता. त्याचं एकच म्हणणं: बुटात घोडी लंगडली, की नाल ठोकायचे. नाल ठोकला तर उरलेला खूरही फुटणार, हे सून जाणून होती.

तिने उजवा बूट काढला. आत खडे होते आणि टाच सोलवटली होती. पायावर भार असताना माप घेऊन आणलेला बूट. कालपर्यंत घट्ट बसत होता. आज आत बोट सहज जात होतं. तिने पाय उचलून उजेडात धरला. खुराची कड सगळीकडून ताजी घासलेली होती, कुठे ओरखडा नाही. घरात अशी कानस एकाच माणसाची चालायची.

"हात लावणार नव्हता ना, मामंजी?"

म्हातारा खोटं बोलेल असं तिला वाटलं होतं. तो नजर चुकवत म्हणाला, "वाढलेला खूर बघवत नाही मला. काल संध्याकाळी तू बाजारात गेलीस तेव्हा घासला."

म्हणजे डाव नव्हताच, नुसती हाताची खोड. तिच्या अंगाचा आणखीनच तिळपापड झाला. डाव असता तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं.

"हे त्यांना तुम्ही सांगायचं. नाहीतर मी त्यांना हा खूर दाखवते. तुमचं काम ते लांबून ओळखतात."

म्हातारा सोललेल्या टाचेकडे बघत राहिला. मग खिशातली कानस काढून त्याने तिच्या पायाशी फेकली.

"सांगतो. डावा घासायचा राहिलाय," तो म्हणाला आणि निघून गेला.

तिने कानस उचलली. उजव्या खुराची गोलाई इतकी अचूक होती की तिला रडू आलं, रागाने.