न वाजणारे डबे

…झाकणाच्या आतून चिकटलेली चरबीची एक कड, नखाएवढी रुंद, नखासारखीच पांढरट, आणि खाली तपकिरी रस्स्यात बसलेले मांसाचे तुकडे, शिस्तीत, फोटोसाठी बसवल्यासारखे. इतका गुणी डबा तिनं कधी पाहिला नव्हता असं नाही. रोज पाहिला होता. तेच तर.

चमचा हातात धरून ती त्या कडेकडे बघत राहिली. एरवी चमचा आणि तोंड यांच्यात ती फार वेळ जाऊ देत नसे. कोमट पाण्याची चूळ, एक कोरडं बिस्किट, पुन्हा चूळ, मग डबा. घास जिभेवर, डोळे मिटलेले, आणि समोर कारकून श्वास धरून उभा. मग ती एकच शब्द बोलायची, ‘चालेल’, आणि तो शब्द अंगणात पोचला की ट्रकांची इंजिनं सुरू व्हायची, डबे चौक्यांच्या दिशेनं निघायचे. दादा म्हणायचा, सेनापतीलासुद्धा एवढे ट्रक हलवायला याच्यापेक्षा जास्त बोलावं लागतं. लष्कराच्या त्या गोदामात मागं सगळे तिला जीभबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आता कबूल करायला जड जातं, पण ऐकायला बरं वाटायचं. माणसाच्या एखाद्या अवयवाची एवढी कदर सहसा जिवंतपणी होत नाही.

“बाई, बरं वाटत नाही का?” कारकुनानं विचारलं. याला सगळे होयबा म्हणत, कारण साहेब “गार पडलंय” म्हणाले की हा खिडकी लावायचा आणि “छे, उकडतंय” म्हणाले की तीच खिडकी उघडायचा, दोन्ही वेळा मनापासून.

“बरं आहे.”

“मग… चालेल?”

“थांबा जरा.”

तो स्टुलावर टेकून थांबला. थांबण्यात होयबाचा हात कुणी धरू शकलं नसतं. बाहेर एका ट्रकवाल्यानं सहज हॉर्न वाजवला, दुसऱ्यानं त्याला साथ दिली.

सकाळी… सकाळीच तर झालं सगळं. झालं म्हणजे तरी काय? काहीच नाही. लेकानं डबा हलवला.

रजा संपवून तो उद्या चौकीवर परत जायचा होता. जमिनीवर सामान पसरून बसला होता. एकात एक खोचलेले मोजे, घड्यांवर घड्या घातलेला स्वेटर (घरात रुमाल कुठं टाकायचा हे ज्याला कधी कळलं नाही त्याच्या हातच्या त्या घड्या बघून तिला कौतुक वाटत होतं आणि कुठंतरी दुखतही होतं) आणि प्रवासासाठी मिळालेले मांसाचे डबे. बोलता बोलता त्यानं एक डबा उचलला, कानाशी नेला, हलवला, बाजूला सारला. दुसरा हलवला, सारला. तिसऱ्याला त्याचा चेहरा खुलला, आणि तो डबा त्यानं स्वेटरच्या आत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ढकलला, लहानपणी खाऊ लपवायचा तसा.

“काय करतोयस रे?”

“वाजतोय का बघतोय. रस्सा असला तर डबा वाजतो. चरबी असली की मुका. मेण ओतल्यासारखी थिजून बसते ना आत, काय वाजणार?”

“चरबी कुठली? नखाएवढी तर असते.”

तो हसला. कुत्सित नाही, आई काहीतरी गोड, अडाणी बोलली की मुलं हसतात तसा. “कुणाचं नख, आई? हत्तीचं?”

मग तो सांगत सुटला, मजेत, गावगप्पा सांगाव्यात तसा. खोकी उतरली की सगळे तुटून पडतात, हलवून हलवून वाजणारे डबे जुने लोक पळवतात, मुके नव्यांच्या गळ्यात. थंडीत चाकूनं कापावी लागते ती चरबी, टाळूला चिकटते, चहा प्याल्याशिवाय सुटत नाही. बुटांना चोळायला मात्र झकास, पाणी शिरत नाही. एकानं डब्यात वात घालून दिवा केला होता, तो इतका छान जळला की त्यांच्या साहेबांनी दुसरा मागवला. आणि हे तपासणारे लोक डबा चाखतात तरी का, की नुसताच बघून सोडतात, असं तिथं सगळ्यांचं चालतं…

“आणि तू काय सांगतोस त्यांना?”

“मी? मी गप्प बसतो.” मोजे कोपऱ्यात कोंबत, वर न बघता. “आईचं काम काय, हे तिथं सांगून मार खायचाय का मला?”

टोचावं म्हणून तो बोललाच नव्हता. ते बरं की वाईट, तिला ठरवता येईना. टोचायला बोलला असता तर रागावता तरी आलं असतं. पण ती बोलण्यावर नव्हतीच; ती अडकली होती त्या हलवण्यात. कानाशी नेलेला डबा, जराशी कललेली मान, ऐकताना अर्धा मिटलेला डावा डोळा… पोरगा मामावर गेलाय, असं तो पाळण्यात असल्यापासून सगळे म्हणत आले होते. तिलाही वाटायचं, नाकात असेल.

कारण दादा रोज हेच करायचा. गोदामाचा कारभार त्याच्याकडे, चाखायचा डबा तो स्वतः निवडून आणायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि तिला त्याचा केवढा अभिमान… खोक्यातून एक काढायचा, कानाशी न्यायचा, ठेवून द्यायचा. दुसरा. तिसरा. ती नवी असताना तिनं विचारलं होतं, काय ऐकतोस रे? “गळका आहे का बघतो,” दादा म्हणाला होता. आणि संपलं. गळका डबा ओला असतो, त्याच्याखाली डाग पडतो, ते कळायला कान कशाला लागतो, हा प्रश्न इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात एकदाही आला नाही. जिची जीभ एवढी पोचलेली तिचे डोळे… पण दादाच्या बाबतीत मला डोळे लागलेच कधी? दादा म्हणाला म्हणजे झालं. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा दादा. नवरा गेला तेव्हा सगळे नातलग ‘काही लागलं तर सांग’ म्हणून, काही लागायच्या आत आपापल्या घरी पोचले; दादा तेवढा न विचारता आला आणि म्हणाला, उद्यापासून गोदामात यायचं. दुधात पाणी कुणी घातलंय हे तू लहानपणी घोटात ओळखायचीस, ती जीभ काय घरात ठेवायला आहे?

ती उठली. उघडा डबा आणि चमचा हातात घेऊन. होयबाही उठला, मग आपल्याला कुणी उठायला सांगितलेलं नाही हे आठवून बसला.

दादा खोक्यांच्या भिंतीआड, आपल्या टेबलाशी चहा पीत होता. तिला बघून तोंडभर हसला.

“काय गं, आवडला नाही?”

“आवडला. म्हणूनच आले. दादा, तू डबे हलवून बघतोस ते कशासाठी?”

“गळका—”

“दादा.”

त्यानं कप खाली ठेवला. तिला वाटलं होतं तो चिडेल, निदान सारवासारव करेल. थापेच्या तयारीला थोडा वेळ तरी घेईल. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि अगदी साध्या आवाजात, भाजी संपली होती म्हणून आणली नाही अशा सुरात, सांगून टाकलं.

“तुला आठवतंय, तू नवी होतीस तेव्हाचं? चरबीचा डबा आला होता आणि तू दुपारपर्यंत मोरीवर ओकत होतीस. मला म्हणालीस, दादा, मला हे नाही जमणार. पदरात पोर. सोडून काय करणार होतीस? म्हटलं, निवडून देऊ हिला. चार दिवस. रुळेपर्यंत.”

“चार दिवस.”

“मग तू रुळलीस ना.”

“कशाला रुळले मी?”

दादानं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. “मग तुझं नाव झालं. पुरवठादार खूश, साहेब खूश, तू खूश. मी कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतलेला नाही, बघ, हा माझा मी केलेला आहे. सगळे खूश होते. नाराज कोण होतं, सांग.”

तिनं हातातला डबा त्याच्या कपाशेजारी ठेवला. दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूच सरकलं, भाचा आठवला असावा.

“आणि चरबी वाईट नसते गं,” तो घाईघाईनं म्हणाला. “थंडीत तीच लागते. अंगात ऊब राहते पोरांच्या. तरी… संध्याकाळी पाठव त्याला माझ्याकडे. मी वाजणारे काढून ठेवतो. पिशवीभर.”

हो म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. हे तिला नंतर, म्हणजे लगेच नंतर, ओठ कोरडे लागले तेव्हा कळलं. तिच्या पोराच्या पिशवीत वाजणारे, आणि बाकीच्यांच्या… ते दिवा करणारं कुणाचं तरी पोर… दादानं तिच्यासाठी जे केलं तेच ती आत्ता करणार होती, तितक्याच मायेनं, आणि तितक्याच सहज.

“मुका डबा दे,” ती म्हणाली.

“तुला सोसणार नाही. ऐक माझं.”

तिनं स्वतःच खोक्यात हात घातला. कानाशी नेला, हलवला. मुका. दुसरा, मुका. शेजारचं खोकं, मुका, मुका, एक जरासा कुजबुजला, पुन्हा मुका. आणि हलवता हलवता, नको असताना, तिला ते दिसलं: रोज सकाळी ती यायच्या आधी, अंधूक दिव्यात, म्हातारा होत चाललेला तिचा भाऊ खोक्यांमागून खोकी उपसतोय, एक एक डबा कानाला लावून, तिच्यासाठी एक वाजणारा शोधत. एवढ्या निगुतीनं तिला कुणी फसवलं नव्हतं. एवढ्या निगुतीनं तिचं कुणी काही केलंच नव्हतं.

डबा उघडला तर पांढरं सपाट मैदान. चमचा रुतेना. चमचा तिरका दाबून तिनं एक खाप उचलली, मांसाचा धागाही नसलेली, आणि तोंडात टाकली. चूळ नाही, बिस्किट नाही.

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. कोपऱ्यातली बादली त्यानं पायानं हळूच तिच्या दिशेला सरकवली.

ती वाट बघत उभी राहिली. आता ओकारी येईल, आत्ता येईल. यावं असं तिला मनापासून वाटत होतं, इतकं की तिनं टेबलाची कड घट्ट धरली. ओकारी आली की सगळं सरळ होणार होतं: दादा खोटा, डबे वाईट, जीभ खरी. होयबाला काय सांगायचं तेही मग आपोआप सुचलं असतं. खाप टाळूला चिकटली, लेक म्हणाला होता तशीच. मग सुटली. मग कडेनं हळूहळू पाघळायला लागली, खारट, दाट, लोण्यासारखी मऊ, गालांच्या आत पसरत गेली, आणि घसा न विचारता गिळत गेला.

“कसं लागतंय?” दादानं विचारलं. खूप हळू.

तिनं ओठ मिटून घेतले. कारण आत जीभ, एवढ्या वर्षांची, नावाजलेली, तिची स्वतःची जीभ, चमच्याच्या दिशेनं पुढं झाली होती, आणि तिला आणखी हवं होतं.