डांबराखालची विहीर

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यावरून चालत गेले असेल, तर ते त्याला ठाऊक नसणार. मी एक जुनी विहीर आहे. टोरांटोच्या उत्तर भागात, नॉर्थ यॉर्कमध्ये, दुकानांच्या एका रांगेपुढे गाड्या लावायची जागा होती. त्या जागेच्या डांबराखाली मी कित्येक वर्षे होते. आता दुकाने पाडली आहेत, डांबर उचलले आहे आणि येथे उंच कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची इमारत, उभा राहणार आहे. तो उभा राहण्याआधी मला बोलायचे आहे.

माझ्या आधीही या मातीखाली पाणी होते आणि त्या पाण्याजवळ माणसे येत होती. ती या भूमीची मूळ माणसे. त्यांच्याविषयी मी सांगू शकत नाही, कारण मी ते पाहिलेले नाही. मला खणले ते नंतर आलेल्या एका शेतकरी कुटुंबाने. वरची माती तपकिरी होती. तिच्याखाली पिवळसर चिकणमाती लागली आणि अगदी खोल गेल्यावर निळसर राखाडी. ती निळी माती बादलीतून वर येई आणि खणणारे ती माझ्या तोंडाभोवतीच पसरून टाकत. पाणी लागले तेव्हा शेतातले गोल दगड वेचून त्यांनी तळापासून वरपर्यंत माझी भिंत रचली. चुना नाही, सिमेंट नाही. दगडांच्या फटींतून पाणी आत यावे म्हणून ती तशीच रचायची असते.

माझे पाणी थंड होते आणि त्याला लोखंडाची किंचित चव होती. पाहुणे आले की घरची बाई कौतुकाने सांगे, "आधी आमचं पाणी पिऊन पाहा." ते ऐकून मला फार बरे वाटे. हिवाळ्यात माझ्या काठावर बर्फाचा थर चढे आणि घरातली माणसे कुऱ्हाडीच्या दांड्याने तो फोडत. खाली मात्र मी कधीच गोठले नाही.

मग रस्ता रुंद झाला. या देशात लाकडी घर पाडण्याऐवजी उचलून हलवण्याची पद्धत होती. आमचे घरही ओंडक्यांवर चढवले, घोडे जुंपले आणि मागे शेतात नेऊन ठेवले. मला कोण उचलणार? मी रस्त्याकडेला एकटी राहिले. नव्या जागी त्यांनी स्वयंपाकघराजवळ विटांची गोल टाकी बांधली, आतून तिला गिलावा केला आणि छपरावरचे पाणी तिच्यात सोडले. धुण्याभांड्यांना ते मऊ पाणी, पिण्याला मात्र माझेच. त्यामुळे रोज कोणीतरी बादली घेऊन माझ्याकडे येत असे.

पुढे नळ आले आणि येणे थांबले. लोक माझ्यात चुलीची राख टाकू लागले. फुटक्या बश्या, बाटल्या, एकदा एक हात तुटलेली बाहुली. अर्धी भरले मी. अखेर घरात लहान मुले आली तेव्हा त्यांच्या आईने जाड फळ्या आणून माझे तोंड झाकले आणि वर माती लोटली. ती बाई वाईट नव्हती. मूल पडू नये एवढेच तिला हवे होते. पण माती टाकून झाल्यावर तिथे तिने कसलीही खूण ठेवली नाही आणि काही वर्षांनी घर विकताना सांगायचे राहून गेले. मग गवत उगवले, मग खडी पडली, मग डांबर. वरून गाड्या जात आणि माझ्या फळ्या कुजत राहत.

या नोव्हेंबरात डांबर निघाले. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. मला भीती वाटली. डांबराचा टणक थर होता तोवर भार सगळीकडे विभागला जात होता. आता फळ्यांवर हातभर मातीच उरली होती आणि वर लोखंडी पट्ट्यांवर चालणारे एक अवजड खोदमशीन फिरू लागले होते.

मशीन चालवणाऱ्याचे नाव गर्शोम. त्याचे वाडवडील अलिबागकडचे, तो मुंबईत वाढला आणि आता टोरांटोतल्या मराठी बोलणाऱ्या मोजक्या ज्यू कुटुंबांपैकी त्याचे एक. त्याच्यासमोर दिवसभर उभी राहायची ती अनुया, पुण्याची पुरातत्त्वज्ञ. जुन्या वस्तीच्या जागी नवी इमारत बांधण्याआधी अशा माणसाने खोदकामावर लक्ष ठेवायचे असते. कामावरची तिसरी मराठी व्यक्ती म्हणजे देवेश, बांधकामाचा व्यवस्थापक, मूळ नागपूरचा. हे तिघे माझ्यापासून काही हातांवर उभे राहून बोलत. त्यांच्यामुळेच मी तुमची भाषा शिकले.

काम कसे चाले ते नीट ऐका, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. गर्शोमच्या मशीनच्या बकेटला, म्हणजे पुढच्या लोखंडी खोऱ्याला, दात नव्हते. तिच्या सपाट धारेने तो मातीचा पातळ थर खरवडून काढी. अनुया उघडी पडलेली जमीन निरखून पाही. मातीत कुजून गेलेल्या जुन्या घराच्या खांबाचा काळपट ठसा दिसला की त्यात तारेचा छोटा लाल झेंडा खोचे. तपासलेल्या जमिनीवर मशीन कधीच चढवायचे नाही, नाहीतर ठसे चिरडतात. म्हणून गर्शोम समोर खरवडत मागे मागे सरके. अनुयाने मूठ वर केली की थांबायचे.

"तुम्ही हात वर केलात की माझा हात आपोआप थांबतो, मॅडम," गर्शोम एकदा म्हणाला. "घरी रिबेका हात वर करते, तेव्हा तर मी जेवता जेवतासुद्धा थांबतो."

"मग रिबेकावहिनींनाच साइटवर आणा. मला सुट्टी."

नियम उत्तम होता. जुन्या वस्तूंना तो जपत होता. पण त्याचा दुसरा अर्थ माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला नव्हता. मशीन नेहमी न तपासलेल्या जमिनीवर उभे असे. आत बसलेला माणूस, जिच्याखाली काय आहे हे कोणीच पाहिलेले नाही, अशा जागेवर पाठीने सरकत होता. आणि तो माझ्याकडे सरकत होता.

त्या शुक्रवारी सकाळी मागच्या बाजूला विटांचे एक गोल तोंड उघडे पडले. अनुयाकडच्या जुन्या नकाशात घर मागेच दाखवलेले होते, ते हलवलेले आहे हे नकाशात नव्हते. स्वयंपाकघराजवळ गोल बांधकाम म्हणजे विहीर, असे तिला वाटले. तिने तसे सांगितले आणि दोन मजूर ते रिकामे करायला बसवले.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटले ते कसे सांगू? 'ती मी नव्हे' असे ओरडावे, तर मला आवाज नाही. विहीर सापडली म्हणून आता विहीर कोणी शोधणार नव्हते.

देवेश खूश झाला. त्याने कॉफीचा पेला हातात घेऊन सगळीकडे चक्कर मारली.

"भेटली न विहीर, अनुयाताई? मग आता काय गंगा शोधता का? रस्त्याकडचा हा पट्टा आजच्या आज मोकळा करून द्या."

"रोज थोडं थोडंच होईल, देवेश. हे खरवडणं आहे, खोदणं नाही."

"जमीन गोठली की तुम्हीच म्हणान, आता एप्रिलमध्ये या. मले एप्रिल परवडत नाही, ताई. वरून रोज फोन येते."

"आणि मला आज सूर्य बुडायच्या आत घरी पोचायचंय," गर्शोम केबिनमधून म्हणाला. "शब्बाथ लागतो, आमचा विश्रांतीचा वार. त्यानंतर या यंत्राला मी बोट लावणार नाही. तेव्हा भांडण जरा लवकर आटपा."

अनुया हसली नाही. ती खरवडलेल्या जमिनीकडे पाहत होती. तिथे ठशांची एक रांग दिसू लागली होती आणि ते ठसे त्या शेतकऱ्याच्या घराचे वाटत नव्हते. कोणाचे होते ते ठरायचे होते. तिने एकेक झेंडा खोचला. तिचा चेहरा उजळला होता.

गर्शोम थोडा आणखी मागे सरकला. मशीनच्या लोखंडी पट्ट्याची मागची कड माझ्या दगडांच्या वर्तुळापर्यंत आली. माझी एक फळी करकरली. वर इंजिनाच्या घरघरीत ते कोणाला ऐकू येणार?

तेवढ्यात मागून मजुराने हाक मारली. अनुया विटांच्या त्या तोंडाशी गेली. मजुरांनी गाळ काढून आत कंबरभर खोली मोकळी केली होती आणि खालच्या विटांवर सलग, गुळगुळीत गिलावा दिसत होता. तिने त्यावरून बोटे फिरवली.

"गिलावा आहे," ती म्हणाली.

"मग छानच की," देवेश म्हणाला. "पक्की विहीर."

"विहिरीला आतून गिलावा करत नाहीत, देवेश. पाणी आत येणार कुठून? ही टाकी आहे. पावसाच्या पाण्याची."

"बरं, टाकी. टाकी लिहा. काय फरक पडते?"

ती मशीनपाशी परत आली. खरवडलेल्या शेवटच्या थरातले एक ढेकूळ तिने उचलले, मोडून पाहिले आणि ती थबकली. तपकिरी मातीत निळसर राखाडी चिकणमाती मिसळलेली होती. ती माती वर सापडत नाही. ती खूप खोलवरची असते. कोणीतरी जवळच खोल खणले असेल, तरच ती वर येते. तिने पायाशी पाहिले. निळे डाग मशीनच्या दिशेने दाट होत गेले होते.

तिची मूठ वर गेली. गर्शोम थांबला आणि त्याने दार उघडले.

"काय सापडलं?"

"सापडायचंय. गर्शोमदादा, तुमच्याखाली विहीर असू शकते. मशीन पुढे घ्या."

"पुढे? तुमच्या झेंड्यांवरून?"

"हो. आत्ता."

गर्शोम हलला नाही. माझी दुसरी फळी मधोमध चिरली.

"मॅडम, पहिल्या आठवड्यात माझा पट्टा एका झेंड्याला लागला, तर तुम्ही मला लहान मुलासारखं झापलंत. आज परीक्षा घेताय का? मी बाजूने वळवून घेतो."

"वळवू नका! वळवलंत तर सगळा भार एका बाजूला येईल. सरळ पुढे या!"

"अहो, पण एवढे सगळे ठसे..."

तेव्हा ती खाली वाकली आणि स्वतः खोचलेले लाल झेंडे दोन्ही हातांनी उपटू लागली. एक, दुसरा, मूठभर. ते तिने बाजूला भिरकावले.

"बघा, आता झेंडे नाहीत! या!"

तो आला. ओल्या चिकणमातीत पट्ट्यांचे खोल चर पडले आणि ठशांची रांग त्यांच्याखाली गेली. तो काही हात पुढे आला असेल नसेल, तोच मागची माती वाटीसारखी खचली. फळ्या तुटल्या. माझ्या वरच्या थरातले दगड गडगडत आत पडले आणि इतक्या वर्षांनंतर माझ्यावर उजेड आला.

गर्शोमने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि त्या खड्ड्याकडे पाहत मातीतच बसला. मशीन तिथे कलंडले असते, तर त्याची केबिन ज्या कुशीला आहे त्याच कुशीवर.

देवेशने आणलेले पाणी तो प्यायला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचे ठसे गेले."

"जाऊ देत."

"कोणाचं घर होतं ते?"

"माहीत नाही," अनुया म्हणाली. "आता बहुधा पूर्ण कळणारही नाही."

"मी तिथेच बसून राहिलो असतो, ताई," तो म्हणाला. मॅडम म्हणायचे तो विसरला होता. "तुमच्या धाकाने."

"तुम्ही आता घरी जा. वहिनी वाट पाहत असतील."

तो गेला. देवेश तिच्याजवळ आला. "मी घाई केली," एवढेच तो म्हणाला. तिने मान हलवली. "मीही सकाळी घाईच केली. गोल दिसलं आणि विहीर म्हटलं," ती म्हणाली आणि विजेरीचा झोत माझ्या तळाशी टाकला. राख आणि बाटल्यांच्या मधून माझे पाणी चमकले.

त्यानंतर त्यांनी लांबून आधार देऊन मला काळजीपूर्वक उघडले, मोजले, माझी छायाचित्रे काढली. हात तुटलेली बाहुली धुऊन डब्यात ठेवली. अनुयाने चिरडलेल्या ठशांमधूनही खांबांचे जेवढे तळ शाबूत होते तेवढे नोंदवून घेतले. आता माझे दगड काढतील. या जागी इमारतीची तळघरे होतील, एकाखाली एक, माझ्या तळाहूनही खोल. मला त्याचे दुःख आहे, पण राग नाही. माणसांना घरे हवीत.

मित्रांनो, मला काळजी वेगळीच आहे. त्या दिवशी मजुरांनी टाकी आणखी थोडी उशिरा उपसली असती तर? एका चांगल्या आईने मला झाकले, एका चांगल्या नियमाने गर्शोमला माझ्यावर आणून उभे केले. वाईट कोणीच नव्हते. तरी एक माणूस जाता जाता राहिला आणि कोणाच्या तरी घराचे बरेचसे ठसे कायमचे पुसले गेले. म्हणून तुम्हाला विनवते. जे झाकाल त्याची खूण ठेवा आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ते तोंडाने सांगा.

उद्या तुमच्यापैकी कोणी या कॉन्डोत राहायला आले, आणि खालच्या तळघरात एखाद्या वसंतात भिंतीला ओल दिसली, तर बांधणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. दगड काढता येतात, पाण्याची वाट काढता येत नाही. ते आपल्या जुन्या रस्त्याने येत असेल. पंप जरूर लावा. पण शेजारच्या मुलाला त्या भिंतीपाशी नेऊन सांगा, "इथे विहीर होती."