वाघाला विचारायचं ते

जानकूने हो म्हटलं ते बससाठी.

घोडेगावहून सुटलेली एसटी खालच्या गावापर्यंत यायची आणि तिथूनच तोंड फिरवायची. जानकूची हिरडवाडी तिथून दीड तासाच्या चढावर. बाळंतीण अडली, साप चावून कुणाला पान लागलं, की झोळी करून माणूस खाली न्यायचा. दोन माणसं अशी झोळीतच गेली होती. म्हणून दोन हजार दोनच्या वैशाखात, वाडीने दुष्काळी कामावर स्वतःच्या हातांनी खोदलेल्या कच्च्या रस्त्याने घोडेगावचा चांगदेव जीप घेऊन वर आला, तेव्हा सगळी वाडी त्याच्याभोवती जमली.

"जानकूबाबा, पुण्याचे पाव्हणे आणतोय," चांगदेव म्हणाला. "त्यांच्यातल्या एकाचं एसटीत लई वजन आहे. ते खूश झाले, की बस तुमच्या दारात."

"खूश कशानं व्हत्यात ते?"

"तुमचा तो वाघाचा खेळ दाखवा की."

खेळ! जानकूच्या कपाळावर आठी आली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाडीतले गुराखी वाघोबाच्या शेंदरी दगडाशी जमायचे. नव्या तांदळाची खीर शिजायची. त्यांच्यातला भिका अंगावर राखेचे आणि गेरूचे पट्टे ओढून वाघ व्हायचा आणि जानकू करवंदीची काठी उगारून त्याला विचारायचा, "येशील का आमच्या शिवेत?" दोनदा वाघ गुरगुरायचा. तिसऱ्यांदा म्हणायचा, "न्हाई येनार." मग त्याला पिटाळत शिवेच्या दगडापलीकडे न्यायचं. तिथल्या ओहोळात पट्टे धुऊन भिका पुन्हा माणूस होऊन परतायचा. वाघाच्या तोंडून 'न्हाई' येईपर्यंत विचारणाऱ्याने काठी खाली घ्यायची नाही, बसायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. जानकूच्या बापाने हे असंच केलं होतं आणि त्याच्या बापानेही.

बिबट्याला इकडे वाघच म्हणतात. वाघ कधी वाडीत शिरला नव्हता. मात्र त्या साली माघात जानकूची सून मंगल कांद्याच्या कामाला आळेफाट्याकडे गेली होती. तिथे उसाच्या कडेला पाल ठोकलं होतं. दिवस मावळता मावळता तिची चार वर्षांची इंद्रायणी पालाच्या तोंडाशी बसली होती. ती तिथून गेली. सकाळी उसात तिचा परकर मिळाला. तेव्हापासून मंगल कामापुरतं बोलायची. जानकूच्या मनात मात्र एकच गोष्ट कुसळासारखी रुतून बसली होती. वाघाने शब्द पाळला होता. शिवेत येऊ नको एवढंच आपण विचारलं होतं. शिवेबाहेरचं विचारायचं आपल्याला सुचलंच नाही.

"अवेळी वाघाला बोलवायचं म्हंजी..." तो म्हणाला.

"बाबा, बस," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी जानकूने अट घातली. वाघ भिकाच होईल, विचारायचं ते रीतीप्रमाणे विचारलं जाईल आणि हे एकदाच होईल. चांगदेवने छातीवर हात ठेवून शब्द दिला.

रविवारी सकाळी दोन जीपा आल्या. नऊ-दहा माणसं उतरली, टोप्या घातलेली, गळ्यात कॅमेरे अडकवलेली. उतरल्या उतरल्या ती कुणाच्याही घरात वाकून बघू लागली. एकाने चुलीवरचं झाकण काढून आत काय शिजतंय ते पाहिलं. एका बाईंनी भिकाच्या म्हातारीच्या हातावरचं गोंदण बोटाने घासून बघितलं, जातंय का ते. म्हातारी हसली, कारण पाहुण्यांपुढे दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

मंगल झऱ्यावरून दोन हंडे घेऊन आली. उन्हाळ्यात झरा वाटीवाटीने भरतो, त्या दोन हंड्यांसाठी ती पहाटेपासून बसली होती. तिने ते ओट्यावर उतरवले आणि दारात टेकली.

चांगदेव आवाज उतरवून पाहुण्यांना म्हणाला, "हीच ती. जीपमध्ये सांगितलं ना मी? हिच्याच मुलीला नेलं."

आवाज उतरवला होता, पण पाच पावलांवर उभ्या असलेल्या जानकूला शब्द न् शब्द ऐकू आला. मंगललाही आला असणार.

"अरेरे," गोंदण घासून बघणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "अशाच बसा हं. इकडे नको, डोंगराकडे बघा. हां. पदर जरा पुढे घ्या."

मंगलने पदर पुढे घेतला. दोनदा कळ दाबल्याचा आवाज झाला. आत्ताच या सगळ्यांना हाकलून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. मग झोळीतून गेलेली दोन माणसं आठवली आणि तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा राग त्याला पुढे कितीतरी दिवस आला.

वाघोबाच्या दगडाशी भिका गेरू कालवून बसला होता. तेवढ्यात पाहुण्यांतला एक उंच माणूस पुढे आला. हाच तो वजनवाला, चांगदेवने डोळ्यानेच खुणावलं.

"मी होतो ना वाघ!" उंच माणूस शर्ट काढत म्हणाला. "फोटो काढा रे माझे!"

"आसं न्हाई चालत, साहेब," भिका म्हणाला.

"करू द्या हो, हौस असते," चांगदेवने गेरूची वाटी त्याच्या हातातून काढूनच घेतली. "जानकूबाबा, बस लक्षात आहे ना?"

जानकूने उंच माणसाला जवळ बोलावलं. "साहेब, दोनदा गुरगुरायचं. तिसऱ्यांदा 'न्हाई येनार' म्हनायचं. तेवढं चुकू नका. बाकी कसंही करा."

"डोन्ट वरी, मामा."

पट्टे ओढले गेले. हसण्याखिदळण्यात जानकूने काठी उगारली आणि विचारलं, "येशील का आमच्या शिवेत?" उंच माणूस असा गुरगुरला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा विचारलं. तो चार पायांवर येऊन एका बाईच्या चपलेला चावल्यासारखं करून गेला. जानकूने तिसऱ्यांदा विचारलं. "येशील का आमच्या शिवेत?"

"येणार!" तो दोन्ही हात पसरून ओरडला. "दर शनिवारी येणार! बायकापोरं घेऊन येणार!"

हशा पिकला. वाडीचं एकही माणूस हसलं नाही. भिकाची म्हातारी लेकाचा हात धरून मागे सरली.

"न्हाई म्हना, साहेब," जानकू म्हणाला.

"मामा, काय ॲक्टिंग करता राव!" पाठीवर थाप मारून उंच माणूस निघून गेला.

पत्रावळी मांडल्या होत्या. नाचणीची भाकरी, ठेचा, काळं चिकन. पाहुणे जेवायला बसले. जानकू काठी उगारून दगडाशी तसाच उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं. भिका दोनदा म्हणाला, "बाबा, सावलीला तरी या." जानकू हलला नाही.

मग त्याला दिसलं ते असं. मंगलच्या ओट्यावर उंच माणूस वाकून उभा होता. चांगदेव एक हंडा त्याच्या पाठीवर ओतत होता आणि गेरूचं लाल पाणी ओट्यावरून वाडीत वाहत होतं. दुसरा हंडा आधीच आडवा पडला होता.

जानकू तीरासारखा तिथे पोचला. "हितं धुवायचं न्हाई! शिवेपल्याड धुवायचं त्ये!"

"संपलं की नाटक आता, बाबा," चांगदेव म्हणाला.

"कुनाचं नाटक?" जानकूचा आवाज कुणी इतका चढलेला ऐकला नव्हता. "तुला आमी शब्द मागितला व्हता. तू हिच्या पोरीचं मरान जीपमधी इकलंस. हिचं पानी वतलंस. आता ह्यो येनार म्हनतोय आमच्या शिवेत, आन् मी काठी खाली घिऊ?" तो उंच माणसाकडे वळला. "येशील का?"

"ए, हा म्हातारा काय..."

काठी त्याच्या ओल्या पाठीवर बसली. वाघबारशीला भिकाच्या पाठीवर बसते तेवढीच, पण करवंदीचे काटे सोललेले नव्हते. उंच माणूस किंचाळला. बायका जीपकडे पळाल्या.

"बस गेली तुमची!" चांगदेव ओरडला. "जन्मात येत नाही आता!"

वाडीतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "बाबा, ऱ्हाऊ द्या ना." पण जानकू जीपच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला होता. इंजिन गुरगुरत होतं. काठी वरच होती.

"येशील का आमच्या शिवेत?"

उंच माणसाने काचेतून डोकं बाहेर काढलं. चेहरा रागाने लाल, कानाशी अजून एक पट्टा राहिलेला. "या घाणीत? मेलो तरी परत येणार नाही! कळलं? नाही येणार!"

जानकू बाजूला झाला. जीपा धूळ उडवत उताराला लागल्या. भिकाने मोठा श्वास सोडला. "म्हनाला, बाबा. म्हनाला एकदाचा."

मंगल तांब्या घेऊन आली. आडव्या हंड्याच्या तळाशी उरलं होतं तेवढं पाणी होतं त्यात. जानकूने काठी खाली आणली आणि हात पुढे केला.

"मामंजी," मंगल म्हणाली. माघापासून ती आपणहून पहिल्यांदाच काही बोलत होती. "त्यो न्हाई यायाचा, त्ये खरं. पन त्या बाईनं मला नेलं की. त्या फोटूच्या डबीत."

जानकूचा हात तांब्याशी येऊन थांबला. खाली वळणावर जीपा दिसत होत्या. रात्री सगळे चांगदेवच्याच हॉटेलवर उतरणार होते, घोडेगावात. त्याला कुसळ टोचलं, तिथंच, नेहमीच्या जागी. या खेपेलाही त्याने शिवेपुरतंच विचारलं होतं.

"ऱ्हाऊ दे पानी," तो म्हणाला. "इचारून झालं न्हाई आजून."

त्याने काठी उचलली आणि तो वाडीनेच खोदलेल्या रस्त्याने निघाला. "बाबा, पाच कोस हाय!" भिका मागून ओरडला आणि मग चपला शोधत त्याच्या मागे धावला. थोडं अंतर ठेवून, पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून, मंगलही उतरू लागली. शिवेचा दगड आला आणि मागे पडला. जानकूची काठी वरच होती.